पंतोजींची पडशी : सह्याद्रीची कड

मार्गशीर्षातला माझा लेख संपादकांस दहा दिवस उशिरा पोहोचला, त्याचे कारण कित्येक वाचकांनी पत्राने विचारले आहे. प्रकृतीविषयी काळजी करणाऱ्या सर्व बंधुभगिनींचा मी ऋणी आहे. प्रकृती उत्तम आहे. उशीर झाला तो वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पाठीवर आठ किलोंचे ओझे घेऊन मी हरिश्चंद्रगड चढावयास गेलो होतो म्हणून. या सदरास ‘पडशी’ हे नाव देऊन इतकी वर्षे झाली, पण खरी पडशी पाठीस लावण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता.

याचे मूळ आमच्या घरच्या पंक्तीत आहे. थोरल्या बंधूंची नात महाविद्यालयात भूशास्त्र शिकते. ती सुटीत घरी आली होती. रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी धाकट्या मुलांस नेहमीप्रमाणे भूगोल विचारीत होतो. सह्याद्री म्हणजे काय? ‘पश्चिम किनाऱ्यास समांतर पसरलेली पर्वतांची रांग’ असे मीच शिकविलेले उत्तर मुलांनी एका सुरात दिले. चौतीस वर्षे शाळेत मी हेच उत्तर शिकविले आणि हेच तपासले. नात हळूच म्हणाली, “आजोबा, तुम्ही सह्याद्री कोठून पाहिला आहे? कोकणातून की देशावरून?” मी म्हणालो, “नकाशात.” ती हसली नाही, हे तिचे सौजन्य. मात्र निघण्याचा बेत त्याच रात्री ठरला. आमच्या घरातून बराच विरोध झाला. अखेर गुडघ्यास लावावयाचे तेल आणि दशम्या बरोबर देऊन परवानगी मिळाली. नातीची अट एकच होती : ज्याचे ओझे त्याने वाहावे.

जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर हे गडाच्या पायथ्याचे गाव. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. गावात यादवकालीन घडणीचे नागेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या छतावरील मूर्ती पाहण्यात माझा वेळ चालला होता, तोच नातीने मला बाहेर बोलाविले आणि डोंगराकडे बोट करून म्हटले, “पायऱ्या मोजा.”

मी आयुष्यभर डोंगर पाहिला तो हिरवा किंवा निळा रंग म्हणून. त्या दिवशी प्रथम दिसले की सारा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. एक उभी काळी भिंत, तिच्यावर गवताचा उतरता पट्टा, त्यावर पुन्हा उभी भिंत, पुन्हा पट्टा. एखाद्या नदीच्या घाटाची बांधणी असावी तशी. या खडकांस भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द सापळा या अर्थाचा नसून स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून आला आहे. म्हणजे परक्या मुलखातील खडक अभ्यासणाऱ्यांस जे पाहताक्षणी दिसले, ते त्यांच्या सावलीत राहून मला दिसले नव्हते.

पुढे नातीने दुसरी गोष्ट दाखविली, आणि माझ्या मते सारे भूशास्त्र त्या एका गोष्टीत आहे. आमच्या डोंगरावर जी भिंत ज्या उंचीवर होती, तशीच भिंत दरीपलीकडच्या डोंगरावर जवळजवळ त्याच उंचीवर होती. तिच्याखालचा गवताचा पट्टाही समोरासमोर जुळत होता. दोन शेजारी आपापल्या मर्जीने घरे बांधतील तर त्यांचे मजले इतके जुळणार नाहीत. दोन्ही डोंगर कधीकाळी एकच होते. मधला भाग पाण्याने कोरून नेला. तेव्हा डोंगर ‘उभे राहिले’ असे म्हणण्यापेक्षा दऱ्या ‘खोदल्या गेल्या’ असे म्हणणे अधिक खरे. हिमालयाचे थर दाबाने वळले, दुमडले आणि वर उचलले गेले. आपल्या सह्याद्रीचे थर मात्र रचून ठेवलेल्या घोंगड्यांसारखे जवळजवळ आडवेच आहेत.

हे थर आले कोठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आज जेथे रेयुनियन बेट आहे त्या परिसरावरून सरकत होता. त्या काळी भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहिला. चित्रात दाखवितात तसा शंकूसारखा एकच ज्वालामुखी नव्हे. भेगांतून रस येई, दूरवर पसरे, थिजे. काही काळाने त्यावर दुसरा पूर येई. यातील बहुतेक लाव्हारस दहा लाख वर्षांहून कमी काळात ओतला गेला, असे अलीकडील कालमापनावरून दिसते. आज उरलेला प्रदेशच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस भूकंप झाला. त्या भागातील भूकंपांच्या अभ्यासासाठी पुढे तेथे खोल विंधन केले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर तळचा प्राचीन खडक लागला. पृथ्वीवरून महाकाय सरडे, म्हणजे डायनोसॉर, नाहीसे झाले तेही याच सुमारास. त्यांचा नाश मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीने झाला, की या लाव्हारसाच्या वायूंनीही त्यास हातभार लावला, हा वाद विद्वानांत अद्याप चालू आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. गावातील एक वृद्ध गृहस्थ वाट दाखविण्यास बरोबर होते. ते मला पहिल्या शब्दापासून ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि मी त्यांना ‘बाबा’. वयाने आम्ही सारखेच असू, पण माझी पाठ आठ किलोंनी वाकत होती आणि ते डोक्यावर सरपणाची मोळी असल्याप्रमाणे ताठ चालत होते. तोलारखिंडीत दगडात कोरलेले वाघाचे लहानसे शिल्प आहे. तेथे क्षणभर टेकलो. खिंडीच्या वर खडकाचा उभा टप्पा लागतो. आता आधारासाठी तेथे लोखंडी कठडे आहेत. त्या टप्प्यावर हातापायांनी चढताना मला काळ्या पाषाणाची खरी ओळख झाली, कारण नाक आणि खडक यांत वीतभराचे अंतर होते.

तेथे नातीने विचारले, “आजोबा, हा खडक घट्ट आहे. थोडे वर पाहा, त्याला छिद्रे आहेत. एकाच थराला असे का?” मी निरुत्तर झालो. ती म्हणाली, “आजी आंबोळी घालते तेव्हा जाळी कोणत्या अंगाला पडते?”

भगिनींनो, हे उत्तर तुम्हांस माझ्या आधी सुचले असेल. जाळी वरच्या अंगाला पडते. पिठातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो, तोच पृष्ठभाग घट्ट होतो आणि बुडबुडे तेथेच अडकतात. लाव्हारसाचेही तसेच. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र राहिला आणि मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला. सच्छिद्र माथा लवकर झिजतो, त्याची माती होते, तीत गवत रुजते. तो झाला पायरीचा आडवा भाग. घट्ट गाभा निवताना आकसला आणि त्यास उभ्या चिरा पडल्या. त्या चिरांवरून खडकाचे चिरे सुटून पडतात, म्हणून भिंत झिजली तरी उभीच राहते. तो झाला पायरीचा उभा भाग. आंबोळ्यांची चळत रचून ती एका बाजूने कापावी, म्हणजे सह्याद्रीचे चित्र पुरे होते. कोठे कोठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक पूर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो अवकाश गेला, त्यात खडकावर ऊनपाण्याचा परिणाम झाला, त्याची ती खूण.

काही छिद्रांत पांढरे स्फटिक चमकत होते. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने पोकळ्यांत आणून बसविलेली ही खनिजे झिओलाइट या वर्गातली. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. खाली पडलेला एक खडा मी उचलला आणि पिशवीत टाकणार, तोच नात म्हणाली, “येथेच ठेवा, आजोबा. घरी नेलात तर तो नुसता खडा होईल.” मी तो होता तेथे ठेवला. आमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात असे किती ‘नुसते खडे’ चिठ्ठ्या लावून ठेवले होते, ते मला आठवले.

टेकड्यांमागून टेकड्या ओलांडून दुपारी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोहोचलो. चांगदेवांनी येथे तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच रचला अशी परंपरा आहे. जवळच केदारेश्वराची गुहा. तीत कमरेएवढ्या थंडगार पाण्यात भव्य शिवलिंग उभे आहे. भोवतालच्या चार खांबांपैकी एकच खांब आज शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे, अशी लोकांची श्रद्धा. मी हात जोडले. नातीनेही जोडले, आणि मग पाणी कोठून झिरपते ते ती पाहू लागली. या दोन गोष्टींत तिला विरोध वाटला नाही, मलाही वाटला नाही. त्या रात्री आम्ही शेजारच्या एका कोरीव गुहेत वळकट्या पसरल्या. ज्यांनी ती कोरली, त्यांना खडकाचा कोणता थर छिन्नीस मानवतो हे पुस्तकावाचून कळत होते.

संध्याकाळची गोष्ट मात्र राहिली. तीच आज सांगावयाची आहे.

उन्हे उतरू लागल्यावर बाबा आम्हांस कोकणकड्याकडे घेऊन गेले. वाट साधी होती, जवळजवळ सपाट. मी बोलत चाललो होतो आणि एकाएकी जमीन संपली. पुढे डोंगर नव्हता, उतार नव्हता, काहीच नव्हते. नातीने मला पोटावर झोपावयास लावून पुढे सरकू दिले. खाली पाहिले तो कडा सरळ उतरलेलाही नाही. नागाच्या फणीसारखा आत वळलेला. हजार फुटांहून अधिक खोलवर कोकणातील रान, शेते आणि वाड्या दिसत होत्या, आणि त्यांवर घारी आमच्या पायांखाली फिरत होत्या. याच गडावरून, ढगांनी भरलेल्या दरीवर, सूर्य पाठीशी असताना स्वतःच्या सावलीभोवती पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसल्याचे कर्नल साइक्स याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात नमूद केले आहे. आमच्या वाट्यास ते आले नाही. आकाश स्वच्छ होते आणि सूर्य समोर मावळत होता.

तेथे पोटावर पडल्या पडल्या मला एका मुलाची उत्तरपत्रिका आठवली.

तीसएक वर्षे झाली असतील. घाटमाथ्यावरच्या एका वाडीतून तो मुलगा आमच्या गावी शिकावयास येऊन राहिला होता. अंगाने किरकोळ, बोलण्यास भिडस्त. सहामाहीस मी प्रश्न घातला होता : सह्याद्री पर्वताचे वर्णन करा, गुण पाच. त्याने लिहिले होते की, आमच्या गावाला सह्याद्री पर्वत नाही. आमच्या गावापुढे जमीन संपते आणि खाली कोकण दिसते. मी त्यावर तांबडी रेघ मारली आणि शून्य दिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला. मी त्यास म्हणालो, “अरे, सह्याद्रीवर राहतोस आणि सह्याद्री नाही म्हणतोस?” तो खाली मान घालून उभा राहिला. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याचे कारण माझे हसणेच असेल असे मी म्हणत नाही. घरची गरिबी, शेती, दुसरे काही असेल. पण ते कारण नव्हते असेही मला म्हणता येत नाही.

तो मुलगा बरोबर होता. सह्याद्री हा कोकणातून पाहणाऱ्यास पर्वत आहे. देशावरून चालत येणाऱ्यास तो पठाराची तुटलेली कड आहे. देशाची जमीन जुन्नराकडे आधीच समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर उंचावलेली. तीवर हरिश्चंद्रगडासारखी झिजता झिजता उरलेली शिखरे, आणि पश्चिमेस एकदम तुटलेला कडा. याचा पुरावाही मी त्याच वर्गात, त्याच महिन्यात शिकविला होता. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र सुमारे ८० किलोमीटर, तरी ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत पूर्व समुद्रास मिळते. भीमा आणि कृष्णा यांचीही तीच रीत. जमिनीचा उतारच पूर्वेकडे असल्याखेरीज नद्या असे करतील का? हा धडा आणि तो धडा मी कधी जोडला नाही. त्या मुलाने धडा जोडला नव्हता. त्याने नुसते दारात उभे राहून पाहिले होते.

संस्कृत शिकविणाऱ्यास तर याहून अधिक शरम वाटावयास हवी. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूची सेना सह्य पर्वत ओलांडते. तेथे कालिदासाने म्हटले आहे की, समुद्राने या पर्वताला दूर सोडले आहे. मी तो श्लोक किती वेळा अन्वय लावून शिकविला! परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण निर्माण केले, ही कथा तर आपल्या घरोघरी सांगतात. समुद्र आणि सह्याद्री पूर्वी जवळ होते व मग अंतर पडले, एवढे दोन्हीकडे गृहीत धरले आहे. भूशास्त्र काय म्हणते? सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी आज सेशेल्स बेटे ज्या भूभागाचा अंश आहेत, तो भारतापासून तुटून अलग होऊ लागला. आपल्या पश्चिम किनाऱ्याची कड तेव्हाची. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा कडा आरंभी आजच्या किनाऱ्याच्या आसपास होता आणि पावसाने झिजत झिजत पूर्वेकडे हटला. म्हणजे अंतर पडले हे खरे. फक्त समुद्र मागे गेला नाही, सह्याद्रीच मागे सरला. त्याने सोडलेल्या जमिनीवर कोकण वसले.

आणि हे सरणे संपलेले नाही. मी बाबांना विचारले, “येथून दगड पडतात का?” ते म्हणाले, “पावसात रातभर सुटत्यात, गुरुजी. आवाजावरनं कळतं कोणच्या नाळंतून गेलं त्ये.” आमच्यासाठी जी कोट्यवधी वर्षांची कथा, ती त्यांच्यासाठी गेल्या श्रावणातली होती. याच डोंगरांच्या दक्षिणेस आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगराचा उतार कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ मध्ये खालापूरकडील इर्शाळवाडी येथेही तेच घडले. थराच्या आडव्या पायरीवर साचलेली मऊ माती अतिवृष्टीत पाण्याने जड होऊन खाली घसरते. तीच माती नद्यांनी वाहून नेली म्हणजे देशावरची काळी जमीन होते आणि आपणांस ज्वारी देते. डोंगर झिजतो म्हणून आपण जेवतो. आणि तो झिजतो तेथे कोणाचे तरी घर असते. ताटातली भाकरी मोडताना या दोन्ही गोष्टींची आठवण असावी.

तिसऱ्या दिवशी पाचनईच्या वाटेने उतरलो. गुडघे दुखले, तेल कामास आले. घरी आल्यावर मी त्या मुलाचा ठावठिकाणा काढण्याचा यत्न केला. लागला नाही. तो आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल, कदाचित त्याची मुले भूगोल शिकत असतील. हा अंक त्याच्या घरी जात असेल असे मला वाटत नाही. परंतु आपणांपैकी अनेक घरांत शिक्षक आहेत, आणि सर्वांच्या घरांत मुले आहेत, म्हणून येथे लिहून ठेवतो : त्या उत्तरास पाचांपैकी पाच गुण आहेत. शून्य माझे होते.

आता ज्यांस मुलाबाळांसह असा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी चार सूचना. पहिल्या खेपेस भर पावसाळा टाळावा. मार्गशीर्ष-पौषात हवा स्वच्छ असते आणि थर स्पष्ट दिसतात. हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तेव्हा मुक्कामाचे नियम आधी विचारून घ्यावे. गावातील वाटाड्या अवश्य घ्यावा व त्यास त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. कड्याशी मुलांचा हात सोडू नये. प्रत्येकाने आपले ओझे आपण वाहावे, लहानांनी निदान आपले पाणी. पाठीवर ओझे असले म्हणजे माणूस सावकाश चालतो, आणि सावकाश चालणाऱ्यासच पायऱ्या मोजता येतात. स्फटिक पाहावे, आणू नयेत. आणि परत आल्यावर मुलांस ‘सह्याद्रीचे वर्णन करा’ असे न विचारता ‘तुला काय दिसले?’ असे विचारावे.

पुढील महिन्यात जांभ्या दगडाविषयी लिहीन. ज्यांच्या कोकणातील घरांच्या भिंती जांभ्याच्या आहेत, त्यांनी तोवर त्या एकदा निरखून पाहाव्या. त्यांतील छिद्रे आंबोळीच्या जातीची नव्हेत, एवढे आताच सांगून ठेवतो.